हसण्याची जागा

जुही हसली तेव्हा घाटावर कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. माघातली सकाळ. गंगेवरचं धुकं अजून पाण्याला धरून होतं, पलीकडचा काठ नव्हताच, आणि पायऱ्यापायऱ्यांवर मुलंमुली बसली होती. बुडाखाली आपापल्या चपला, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्रश्नसंच. पाटण्यात नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांचा हा रविवारचा नेम: उजाडता उजाडता घाटावर यायचं आणि दिवाकर सर फुकट वाटतात तो सराव-पेपर वेळ लावून सोडवायचा. एरवी या पायऱ्यांवर केवढा गलका, पण सरांनी कर्ण्यातून ‘सुरू’ म्हटलं की नावाडीसुद्धा हलक्या हाताने वल्हं मारतात. त्या शांततेत ते हसू आलं. मोठं नव्हतं. नाकातून निसटलेलं, मग शालीत दाबलेलं, आणि दाबूनही एकदा पुन्हा उसळलेलं. वरच्या पायरीवरून कुणी ‘शूऽऽ’ केलं, कुणी म्हणालं, “प्रेमपत्र आलंय का गं पेपरात?” विभाला मान वळवावी लागली नाही. ते हसू तिच्या ओळखीचं होतं, वर्षभर एकाच खोलीत राहून ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिचं पेन इंग्रजीच्या उताऱ्याखालच्या तिसऱ्या प्रश्नाचा ठिपका काळा करत होतं. ते तिथेच थांबलं. ही हसली कशाला? याच उताऱ्यावर? तिने उताऱ्याकडे पाहिलं. पोस्टमास्तर, घड्याळ, साहेब, साहेबांच्या नाराजीचं कारण. कारण तिसऱ्या ओळीत होतं, ते तिने कधीच उचललं होतं. हसण्यासारखं तिथे काय होतं? मधले शब्द तिला एकदम अनोळखी दिसायला लागले, गर्दीत आपल्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसांसारखे. वेळ चालला होता. तिने ठिपका पुरा केला आणि पान उलटलं.

पेपर संपला की सर कर्ण्यातून एकेक उत्तर सांगत जातात आणि सगळा घाट मान खाली घालून आपलं आपण तपासतो. विभाचे उताऱ्याचे सगळे प्रश्न बरोबर होते. ते तसे नेहमीच बरोबर असायचे. जुहीचेही बरोबर होते, पण तिचा मागचा सगळा भाग कोरा राहिला होता. गाळलेल्या जागा, वाक्यांची अदलाबदल, समानार्थी शब्द, कशालाच तिने हात लावला नव्हता. “पुन्हा वेळ पुरला नाही दीदी,” असं म्हणत ती उठली आणि चपला झटकून पायात घालता घालता परत हसायला लागली. वर रस्त्यावर लिंबाचा चहा घेताना विभाने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून विचारलं.

“एवढं काय होतं गं त्या उताऱ्यात?”

“अहो दीदी, ते गाव! पोस्टातलं घड्याळ मागे पडलेलं, आणि सगळं गाव त्याच्यावर चालायचं. शाळा, बाजार, लग्नाचे मुहूर्तसुद्धा. मग तालुक्याचा साहेब येतो, पोस्टमास्तरला झापतो, घड्याळ दुरुस्त करून जातो. आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव सगळीकडे उशिरा! नवरदेवसुद्धा उशिरा!” चहा तिच्या हातावर सांडला. “मग सगळ्यांनी मिळून अर्ज केला. साहेब, तुम्ही आमचं चांगलं चाललेलं घड्याळ बिघडवलंत!”

विभा हसली. तिचं हसू त्या गावासारखंच उशिरा पोचलं, आणि तोवर जुही पुढे चालायला लागली होती.

मत्सर हा शब्द विभाने आधी मनात येऊ दिला नाही. मत्सर आपल्यापेक्षा वरच्याचा करायचा असतो. मागल्या वर्षी त्या दोघी भाड्याने राहत त्या मुलींच्या लॉजमधली मीनाक्षी रेल्वेत लागली, मिठाईचा डबा घेऊन दारोदार फिरली, तेव्हा विभाला तो नीट ओळखू आला होता. छातीत तिखट गेल्यासारखा, दोन दिवसांत उतरलेला. पण ही पोर तर तिच्या कितीतरी खाली होती. क्लासमधल्या गुणांच्या फलकावर विभाचं नाव पहिल्या ओळीत, आणि जुहीचं शोधायला बोट फिरवावं लागायचं. खगडियाकडच्या कुठल्याशा खेड्यातून, हिंदी शाळेतून आलेली. आली तेव्हा कर्ता आणि क्रियापद यांतलं नातं तिला ठाऊक नव्हतं. ते विभाने शिकवलं. क्रियापदाचे काळ लॉजच्या मालकीणबाईंच्या, सगळ्या मुलींच्या चाचीच्या, स्वयंपाकावरून शिकवले, भात शिजतो, भात शिजत आहे, भात शिजून गेला आणि आपल्या वाट्याला करपलेला आला. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्या. आरशावर ‘पोकळ गर्व’ या अर्थाचा शब्द, दाराच्या कडीवर ‘नाखुशीने’, गच्चीतल्या तुळशीच्या बादलीवर ‘भाविक’. चाची एकदा चिठ्ठ्या बघून म्हणाली होती, “माझ्या कपाळावर पण लाव एखादी. भाडं द्यायला उशीर झाला की वाचत जा.” तेव्हा जुही पोट धरून हसली होती, आणि विभाला ते हसू आवडलं होतं. आपण लावलेल्या वेलीला फूल आलं की आवडतं तसं.

आता तेच हसू तिला रस्ताभर टोचत होतं. लॉजच्या, मुसल्लहपूरच्या गल्लीत शिरेपर्यंत ती एकच गोष्ट घोळवत राहिली. मीही तोच कागद हातात धरला होता. माझ्याकडे सगळी उत्तरं होती. मग गाव कुठे होतं? पोस्टातलं घड्याळ, उशिरा पोचलेला नवरदेव, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला दिसलं नाही. आणि ज्या पोरीला मी अक्षर अक्षर जुळवायला शिकवलं ती त्या गावात जाऊन, फिरून, हसून आली, तिथला चहा पिऊन आल्यासारखी. दिवाकर सरांनी क्लासच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “उतारा वाचायला बसलात की मेलात. आधी प्रश्न बघा. मग उताऱ्यात तेवढे शब्द शोधा. तांदूळ निवडताना नजर खड्यावर असते, तांदूळ कोण बघतं?” सगळा वर्ग हसला होता. विभाने मात्र ते मंत्रासारखं घेतलं. ती तशीच होती. सांगितलेलं मनोभावे करायची, उपास असो की अभ्यास. तिची नजर पुढे इतकी तयार झाली, की कागद समोर आला की खडे आपोआप वर यायचे, काळे, स्वच्छ, आणि बाकीचं पांढरं मागे सरायचं. पाच वर्षं ती खडे वेचत होती. तांदळाची चव कशी असते हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि इकडे वय संपत आलं होतं. तीन आठवड्यांनी बँकेची परीक्षा, आणि ती शेवटची. पुढच्या वर्षी अर्जाचं पानच तिचं वय घेणार नव्हतं. गावाहून, बेनीपट्टीहून, बाबूजींनी यंदा फोनवर आवाज न चढवता सांगितलं होतं, “बाउआ, झालं तर देवाची कृपा. नाही झालं तर दरभंग्याच्या लोकांना मी हो म्हणून टाकतो. किती दिवस थांबवायचं?” दरभंग्याच्या मुलाचं औषधाचं दुकान होतं. त्याच्या आईने फोटो बघून एवढंच विचारलं होतं, की मुलगी पाच वर्षं पाटण्यात नेमकं काय करते. विभाला तेव्हा राग आला नव्हता. आता, जिना चढताना, तो प्रश्न तिने स्वतःलाच विचारला आणि तिला उत्तर आलं नाही. खाली चार पर्याय असते तर आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गच्चीवर तुळशीला पाणी घातलं. हे तिचं रोजचं. थंडी असो, ताप असो, पेपर असो, आंघोळ करून ओल्या केसांनी ती तांब्या घेऊन वर जायची आणि पाणी घालता घालता नावं घ्यायची. माँ, बाबूजी, दादा-वहिनी, वहिनीचं पोटातलं बाळ, आणि गेल्या वर्षापासून जुही. प्रत्येकासाठी एकेक धार. त्या दिवशी बाळापर्यंत आली आणि धार तुटली. जीभ टाळूला लागली, पण ‘जु’ फुटेना. तांब्यात पाणी होतं. ती ते हलवत उभी राहिली. मग तिने उरलेलं पाणी नुसतंच ओतलं, कुणाच्याही नावाचं नाही, आणि खाली येताना कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे बघितलं. अंथरुणात जुही अंगाभोवती पांघरुणाचं गाठोडं करून झोपली होती. तोंड किंचित उघडं. विभाला वाटलं, ही झोपेतही कुठेतरी पोचलेली आहे.

गुरुवारी मात्र जे झालं त्याने ती मुळापासून हादरली. तिचं बृहस्पतीचं व्रत होतं, लग्नाआधीपासूनचं म्हणायचं, पण लग्न कुठे झालं होतं, तेव्हा नुसतं आधीपासूनचं. पिवळी ओढणी, हळदीचं बोट, हरभऱ्याची डाळ आणि गूळ, आणि मग कथा. माँने बजावून सांगितलं होतं, व्रताची कथा मनात वाचायची नसते. कुणीतरी ऐकायला हवं. माणूस नसलं तर तुळशीला सांग, दिव्याला सांग, भरल्या तांब्याला सांग, पण मोठ्याने सांग. जुही लॉजवर आल्यापासून ऐकणारी तीच. ती हातात डाळ-गूळ घेऊन पलंगावर मांडी घालून बसायची आणि दर गुरुवारी त्याच जागी, दानधर्माचा कंटाळा आलेल्या राणीपाशी, तशीच हसायची, जशी काही ती राणी तिला नव्यानेच भेटत होती. लहानपणी विभाही तिथेच हसायची. माँ डोळे वटारायची आणि स्वतःच पदर तोंडाला लावायची. त्या गुरुवारी विभाने पोथी उघडली, वाचली, मिटली, हात जोडले.

“दीदी,” जुही म्हणाली, “राणी कुठे गेली?”

“काय?”

“राणीचं राहिलं ना. तुम्ही राजावरून एकदम शेवटावर गेलात.” डाळ चघळत ती हसत होती. “मी वाटच बघत होते.”

विभाने पोथी पुन्हा उघडली. राणी तिथेच होती, दीड पान, पानाला हळदीचा जुना डाग. तिने ते उचललंच नव्हतं. तिची नजर राजावरून फळावर गेली होती, ‘जो कोणी हे व्रत करील’ या ओळीवर, कारण प्रश्न तिथलाच येतो. म्हणजे हे किती गुरुवार चाललं असेल? दर वेळी पोरीने सांगितलं नसेल. देवासमोर बसूनही मी खडेच वेचतेय. तिला रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही स्वतःचा नाही. “तुला ऐकायचं असतं की खायचं असतं?” ती जुहीवर खेकसली. हळू बोलणारी बाई खेकसते तेव्हा आवाज वेगळाच निघतो, गंजलेला. जुहीचा हात वाटीतच राहिला. विभाने राणीचं दीड पान पुन्हा वाचलं, एकेक शब्द, जड, शिक्षा भोगल्यासारखं. हसण्याची जागा आली. कुणीच हसलं नाही.

शनिवारी दुपारी चाचीने सगळ्या मुलींची खिचडी चढवली होती आणि त्या दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. जुहीने हातातली शेंग तशीच खाली ठेवली. मग म्हणाली, “दीदी, रागावला नसाल तर एक विचारू?”

“मी कुठे रागावलेय?”

“तुम्ही रागावलात की माझ्यासाठी चपाती अगदी निवडून वाढता. गुरुवारपासून ताटात चपात्या चंद्रासारख्या गोल येतायत.” विभाला हसू आलं, ते तिने मटारात दडवलं. जुही जरा सरकून जवळ आली. “परीक्षा आली. माझं सगळं येतं, पण पेपर पुरा होत नाही. उताऱ्यातच जीव अडकतो. पहिली ओळ वाचली की पुढे काय झालं ते बघितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही इतक्या लवकर कसं करता? मला सांगा ना. बाबांनी यंदा म्हैस विकून पाठवलंय. यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षी ते म्हणतील, बस झालं, ये घरी.”

मटाराची शेंग विभाच्या बोटात फुटली. म्हणजे एवढंच होतं. हे एवढंसं तिने विचारलं होतं, आणि विभाला दोन उत्तरं दिसली, अगदी शेजारी शेजारी, पर्यायांसारखी. एक गोड होतं. अगं, तू जशी वाचतेस तशीच वाच, तुझं वाचणं फार छान आहे, ते सोडू नकोस. कुठल्याही मोठ्या बहिणीने गालावर हात फिरवून सांगावं असं. आणि ते खरंही होतं. आणि ते सांगितलं की ही पोर परीक्षेच्या खोलीत एखाद्या गावात रमून बसेल, मागचा पेपर कोरा राहील, आणि ती खगडियाला परत जाईल. दुसरं उत्तर कडू होतं. वाचू नकोस. ते सांगितलं तर ही पास होईल. कदाचित माझ्याही पुढे जाईल. पण मग तिचं ते हसू... विभाने शेंगेतले दाणे मोजल्यासारखं केलं. ते हसू जाईल. आणि तिच्या मनात अगदी तळाशी काहीतरी सुखावलं, मांजराने उन्हात अंग ताणावं तसं. ते तिने पाहिलं. पाहून तिने डोळे मिटले. गोड सांगितलं तर मत्सर, कडू सांगितलं तरी मत्सर. देवा, यात तुझी वाट कुठली? तिने आयुष्यभर असं धरलं होतं, की नेम नीट पाळला की मन आपोआप निवळतं. मन निवळलं नव्हतं. नुसतं मागे सरलं होतं, उताऱ्यातल्या पांढऱ्या भागासारखं.

चाची जिन्यावरून ओरडली, “कलेक्टरीणबाई, मटार येतायत की बँकेत जमा करताय?”

“आलो चाची!” जुही ओरडली, पण उठली नाही. ती विभाकडे बघत होती.

“कागद घेऊन ये,” विभा म्हणाली.

तिने कडूच सांगितलं. का सांगितलं ते तिला पुढेही कळलं नाही. त्या म्हशीसाठी असेल, किंवा त्या मांजरासाठी. तिने उताऱ्यावर आपला तळहात ठेवला, पूर्ण झाकला, आणि म्हणाली, “आधी प्रश्न. आता डोळ्यात हे दोनच शब्द ठेव. हात काढते. शोध.” जुहीचे डोळे पहिल्या ओळीवरच गेले. “नाही,” विभा म्हणाली. पुन्हा तळहात. मग आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. जुही गयावया करायची, “दीदी, एवढंच बघू द्या, तो माणूस नदीत उतरतो की नाही?” विभा कागद काढून घ्यायची. “उतरो की बुडो, तुला काय करायचंय? प्रश्नात आहे का तो?” तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडताना आया छातीला कडुलिंब लावतात, तसं ती शब्दाशब्दाला कडू लावत होती, आणि तिचा आवाज पूर्वीसारखा मऊ झाला होता, खरं तर जास्तच. जुही शिकली. ती सगळंच लवकर शिकायची. बुधवारपर्यंत तिने ‘पुढे काय झालं’ विचारणं सोडलं. गुरुवारी कथेच्या वेळी तिने डाळ-गूळ घेतला, मांडी घातली, आणि राणी आली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत होती. विभाने एक ओळही गाळली नव्हती. ती राणीपाशी थोडी रेंगाळलीसुद्धा. सकाळी तुळशीपाशी धार अजूनही बाळाच्या नावापुढे तुटतच होती.

रविवारी, परीक्षेआधीच्या शेवटच्या रविवारी, धुकं कमी होतं. नावा दिसत होत्या. दोघी एकाच पायरीवर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. कर्णा खरखरला, ‘सुरू’. विभाने पान उलटून उतारा काढला, खालचे प्रश्न पाहिले, दोन शब्द डोळ्यात ठेवले आणि नजर वर नेली, आणि तिथे, पहिल्या ओळीवर, तिचा पाय घसरल्यासारखं झालं. ती थांबली. एक म्हातारी विधवा कोर्टात आली होती. शेजाऱ्याच्या बकरीने तिचा भोपळ्याचा वेल खाल्ला होता. विभाला म्हातारीचे पाय दिसले, धुळीचे. हे असं व्हायला नको, तिने स्वतःला सांगितलं, आज तरी नको. आणि ती दुसरी ओळ वाचू लागली. इंग्रजी शब्द एकामागून एक येत होते, त्यातला एकही तिला नवा नव्हता, सगळे तिने कुठल्या ना कुठल्या भिंतीवर डकवले होते. पण आजवर ते चिठ्ठ्यांसारखे वेगवेगळे फडफडायचे, आज ते एका रांगेत चालत होते, म्हातारीच्या मागून. शेजारी म्हणतो, माझी बकरी गरीब आहे, ती असं करणारच नाही. न्यायाधीश म्हणतो, बकरीला हजर करा. बकरी हजर होते. वकील बोलतो, फार लांब बोलतो, पंखा फिरतो, सगळ्यांना पेंग येते, आणि बकरी टेबलाकडे जाते आणि खटल्याचे कागद खायला लागते. अर्ज खाते, साक्ष खाते, शिक्का मारलेलं पानही खाते. न्यायाधीश जागा होऊन म्हणतो, आता खटलाच उरला नाही. आणि म्हातारी हात जोडून म्हणते, साहेब, आता तरी पटलं ना?

विभाच्या पोटात काहीतरी हललं. हसू असं खालून येतं हे ती विसरली होती. तिने ओढणी तोंडाला लावली, माँसारखी, आणि तिचे डोळे आपोआप वळले. हसण्याची जागा आली की जुहीकडे बघायचं ही तिच्या डोळ्यांची सवय. जुहीने पान उलटलं होतं. तिची मान खाली, ओठ घट्ट, पेन ठिपक्यावरून ठिपक्यावर भराभर चाललेलं. तिचा चेहरा घाटावरच्या सगळ्या चेहऱ्यांसारखा होता. विभाने खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं, वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या मांड्यांवर तीच म्हातारी हात जोडून उभी होती आणि कुणालाच ती दिसली नव्हती. ती परत म्हातारीपाशी गेली, प्रश्नांचे ठिपके सावकाश काळे केले, आणि ‘थांबा’ असा आवाज झाला तेव्हा विभाचा मागचा सगळा भाग कोरा होता.

“दीदी!” जुही उभीच राहिली. “पूर्ण सुटला! पहिल्यांदा पूर्ण सुटला! वेळ उरला वर!” गाल लाल झाले होते तिचे. तिने विभाचा हात धरून हलवला. “तुमच्यामुळे. खरंच सांगते, तुमच्यामुळे.”

“आणि ती बकरी?” विभाने विचारलं.

“कोणती बकरी?”

जुही थट्टा करत नव्हती. तिला खरंच बकरी भेटली नव्हती. तिला ‘न्यायाधीशांच्या निर्णयाचं कारण’ भेटलं होतं. “अगं, त्या उताऱ्यात... ऐक ना,” विभा म्हणाली, “एक म्हातारी असते...”

“थांबा ना दीदी, उत्तरं सांगतायत!” जुहीने पुठ्ठा पुढे ओढला आणि कर्ण्याकडे कान केला.

उताऱ्याचे विभाचे सगळे प्रश्न बरोबर आले. तसे ते नेहमीच यायचे. तेवढ्या भागावरून कुणाला काहीच कळलं नसतं. पुढचं तपासायला तिच्याकडे काही नव्हतं. ती उठली आणि नेहमीप्रमाणे शेवटच्या पायरीवर गेली, जिथे पाणी पायाला लागतं. दर रविवारी पेपर झाला की ती तिथे सूर्याला अर्घ्य द्यायची. पाणी बर्फासारखं होतं. ओंजळ भरली. माँ, बाबूजी, दादा-वहिनी, बाळ. आणि मग कसलाही अडथळा नसल्यासारखं, दार आधीपासूनच उघडं असल्यासारखं, नाव आलं. जुही. ते पाण्यात पडलं आणि विभाला धक्का बसला, कारण पुढे काय म्हणायचं ते तिला सुचेना. सिलेक्शन होऊ दे म्हणावं, तर ते आता होईलच असं तिला दिसत होतं. तिचं जे होतं ते तिला परत दे म्हणावं, तर ते परत मिळालेलं आपल्याला बघवेल का? आणि मला? पुढच्या रविवारची ती बंद खोली, समोरचा संगणकाचा पडदा, त्यावर उलटं पळणारं घड्याळ, दरभंग्याचं दुकान. कोरा राहिलेला कागद तिच्या कमरेला खोचलेला होता. तिथे बसून मी पुन्हा तळहात ठेवू शकेन का? की पहिल्या ओळीतच कुणीतरी धुळीच्या पायांनी येईल?

ओंजळ रिकामी झाली होती तरी हात तसेच जोडलेले राहिले. कथा मनात ठेवायची नसते. माणूस नसलं तर पाण्याला सांग. विभाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात, गुरुवारच्या सुरात, गंगेला सांगायला सुरुवात केली. एक होती म्हातारी. तिचा होता एक भोपळ्याचा वेल. वर कर्णा शेवटचं उत्तर सांगून बंद झाला, घाट उठला, चपलांचा पाऊस पडल्यासारखा आवाज झाला. ती सांगत राहिली. शेजारी म्हणाला, माझी बकरी गरीब आहे. मागे पायऱ्यांवरून कुणाच्या तरी चपला चट चट खाली आल्या आणि तिच्या पाठीशी येऊन थांबल्या. “दीदी, चला ना, चहा मी पाजते आज,” अशी हाक यायला हवी होती. आली नाही. विभाने वळून पाहिलं नाही. तिने बकरीला कोर्टात आणलं, वकिलाला बोलायला लावलं, पंखा फिरवला, सगळ्यांना पेंग आणली. कागद खाल्ले गेले, एकेक, काहीही न गाळता. न्यायाधीश जागा झाला. पाठीशी श्वास ऐकू येत होता, धावत आल्याचा, हळूहळू निवत चाललेला. आता म्हातारी हात जोडणार होती. हसू यावं की येऊ नये, यातलं आपण काय मागतोय हे विभाला कळेना. ती हसण्याच्या जागेपाशी आली, आणि थांबली.